विश्लेषण : ऑक्सिमीटरवर ९८, तरीही शरीरात ऑक्सिजनची टंचाई, असे का?

थंडी पडली की बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे मृत्यू झाल्याच्या बातम्या येऊ लागतात. अशा रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर ९७-९८ असा चांगला आकडा दिसू शकतो. करोनाकाळात ज्या आकड्यावर घरोघरी भिस्त होती, तोच इथे दगा देतो.

रक्त ऑक्सिजन कसा वाहून नेते?

ऑक्सिजन पाण्यात फारसा विरघळत नाही. धमनीतील १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. त्यापैकी नुसता विरघळलेला जेमतेम ०.३ मिलिलिटर. बाकी सगळा तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटून जातो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात, म्हणजे ऑक्सिजनसाठी चार जागा. फुप्फुसात त्या भरतात. राबणाऱ्या स्नायूंजवळ कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढलेली असते. तिथे हिमोग्लोबिनची पकड सैल होते आणि ऑक्सिजन सुटतो. डेन्मार्कच्या ख्रिस्तियान बोर यांनी १९०४ मध्ये हे दाखवले. (अणुरचनेचे नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव.)

आणि कार्बन डायऑक्साइड?

त्याचा सुमारे ७० टक्के भाग बायकार्बोनेट बनून परततो. काही हिमोग्लोबिनवरच बसतो, पण लोहावर नव्हे, प्रथिनाच्या भागावर. त्यामुळे जागेवरून भांडण होत नाही.

मग घात कुठे होतो?

बाथरूममध्ये हवा खेळती नसली की गिझरमधला गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो थेट लोहावरच बसतो, ऑक्सिजनच्या २००हून अधिक पट घट्ट. शिवाय उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही हिमोग्लोबिन सहजी सोडत नाही.

साधा ऑक्सिमीटर दोन प्रकाशलहरींवर चालतो. कार्बन मोनॉक्साइड बसलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्यासारखेच लाल दिसते. शरीराचीही फसगत होते. श्वास वाढवण्याचा इशारा देणारी यंत्रणा रक्तात विरघळलेल्या वायूंचा दाब मोजते, आणि तो इथे बहुधा ठीकच असतो. म्हणून धाप लागेलच असे नाही. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात आणि शुद्ध हरपते. या वायूला वासही नाही. सिलिंडर गळल्यावर येणारा उग्र दर्प मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो, तोही ज्वाळेत जळून जातो.

उपचार काय?

आधी दार उघडून रुग्णाला मोकळ्या हवेत आणायचे, गॅस बंद करायचा. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-सव्वा तास. रुग्णालयात पोहोचताच ‘बाथरूममध्ये गॅस गिझर सुरू होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मग बोटावरच्या आकड्यावर न थांबता को-ऑक्सिमीटरने रक्त तपासता येते.