बोगद्याआधी एकदा खडक पाहा

ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्यामुळे प्रवासाची किती मिनिटं वाचणार, हा हिशोब एव्हाना उपनगरांना पाठ झाला आहे. झाडं आणि बिबट्यांवरूनही वाद झडले. पण जुलै २०२४ मध्ये ज्याचं भूमिपूजन झालं तो १०.२५ किलोमीटरचा बोगदा ज्या डोंगरातून जायचा, त्या डोंगराच्या दगडाविषयी क्वचितच कुणी बोलतं. तो दगड पाहायला अर्धा दिवस पुरतो.

पाऊस ओसरला की याच डोंगरावरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या निसर्गफेऱ्यांना गर्दी होते. वाटाडे पक्षी, फुलपाखरं, कोळी हौसेनं दाखवतात. माझा आग्रह एवढाच, की एक थांबा दगडासाठी ठेवावा आणि तो उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांत असावा.

लेण्यांच्या पायऱ्या चढताना भिंतीला नाक लावून पाहा. करड्या, खरबरीत लगद्यात सुपारीएवढे, मुठीएवढे कोनदार तुकडे रुतलेले दिसतील. कुठे कुठे लोह गंजून तांबूस छटा आलेली. सह्याद्रीत नेहमी दिसणारा एकसंध काळा कातळ हा नव्हे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या उद्रेकांत फुटलेला दगड आणि राख एकजीव होऊन हा खडक बनला. भूवैज्ञानिक त्याला कोणाश्म म्हणतात. छिन्नीला तो कठीण कातळापेक्षा लवकर दाद देतो. जोगेश्वरी आणि अंधेरीची महाकाली लेणीही अशाच दगडातली. पण तो झिजतोही लवकर. जोगेश्वरीचे खांब पाहिले की खात्री पटते.

बहुतेक लोक चैत्यगृहापाशी फोटो काढून परत फिरतात. तसं करू नका, वर चढा. खरी कमाल तिथे आहे. विहारांच्या अंगणाशेजारी पोढी आहेत, म्हणजे पाण्याची टाकी. वरून लहानसं चौकोनी तोंड, आत खोल पोट. पावसाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून उतारावर अरुंद पन्हळी कोरल्या आहेत. पाणी कुठून वाहतं, कुठे अडेल, हे ओळखूनच लेणी कोरणाऱ्यांनी छिन्नी चालवली. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी इथे लेणी आणि पोढी दान दिल्याचे शिलालेख आहेत. शंभराहून अधिक लेण्यांची ही वस्ती हजारेक वर्षं नांदली ती या पाण्यावर. पुढे मुंबईनेही पाण्यासाठी याच डोंगरांकडे धाव घेतली: विहार तलाव १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये. कान्हेरीच्या पोढी हा मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासाचा पहिला धडा आहे आणि तो शाळेत शिकवला जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दगडाची उपेक्षा किती महाग पडते, हे अंधेरी पश्चिमेला दिसतं. गिल्बर्ट हिलचे सरळसोट उभे कातळस्तंभ, सुमारे ६० मीटर उंच, माथ्यावर गावदेवी. आजूबाजूचा दगड खाणींनी नेला, पायथ्याला इमारती येऊन भिडल्या. अशी ठेव दुसऱ्या देशात असती तर लोक तिकीट काढून पाहायला आले असते.

बोगद्याचं काम थांबवा, असं माझं म्हणणं नाही. मात्र यंत्रं डोंगरात शिरतील तेव्हा जो दगड बाहेर पडेल, त्याचे नमुने, कोणत्या ठिकाणचे आणि किती खोलीवरचे या नोंदीसह, बोरिवलीच्या उद्यानात मांडावेत. उद्यानातल्या पाड्यांवरच्या तरुणांना भूविज्ञानाचं प्रशिक्षण देऊन तो थांबा त्यांच्याकडेच सोपवावा. दरम्यान, उद्यान सोमवारी बंद असतं. बाकी कोणत्याही दिवशी सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली घ्या आणि वाटाड्याला दगडाबद्दल विचारा.