हरितगृहातील वेलवर्गीय घेवडा : बी टोकण्यापूर्वी माती तपासा

नगर शहराच्या उत्तरेस मनमाड रस्त्याला लागून असलेली सावेडी आता बरीचशी वसाहतीखाली गेली आहे. तरी तिच्या आसपासच्या मळ्यांतून अजूनही लहानमोठी हरितगृहे व टनेल दिसतात. त्यांपैकी बहुतेक जरबेरा, गुलाब किंवा रंगीत ढोबळी मिरचीसाठी उभारलेली आहेत. फुलांचा बाजार 2020 सालच्या टाळेबंदीत बसला, तेव्हा अनेकांनी झाडे उपटून टाकली. रिकाम्या सांगाड्यात काय घ्यावे, असा प्रश्न तेव्हापासून वारंवार विचारला जातो. "शहर जवळ आहे, रोज ताजा माल नेता येतो, मग वेलाचा घेवडा किंवा वाटाणा का लावू नये?" असे काही बागायतदार विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर सरळ 'लावा' असे नाही.

एका बागायतदाराच्या जुन्या टनेलमध्ये घेवड्याची उगवण विरळ झाली. जी रोपे आली त्यांच्या पानांच्या कडा करपल्या व वाढ वीतभर होऊन थांबली. बी खराब निघाले, अशी त्यांची समजूत होती. तेच बी घराशेजारच्या वाफ्यात लावले होते. तेथे मात्र ते उत्तम उगवले होते. दोष बियाण्यात नसून मातीत साठलेल्या क्षारांत होता.

क्षारांचा प्रश्न

उघड्या शेतात पावसाळ्यात चार मोठे पाऊस झाले की वरच्या थरातील क्षार खाली धुऊन जातात. हरितगृहात पाऊस पडत नाही. ठिबकमधून वर्षानुवर्षे विद्राव्य खते दिली जातात. त्यांचा न वापरलेला भाग आणि विहिरीच्या पाण्यातील क्षार गादीवाफ्यातच राहतात. वाफ्याच्या कडेला पांढरी झाक दिसू लागली, तर ते धोक्याचे लक्षण समजावे.

भाजीपाला पिकांत घेवडा हे क्षारांना सर्वांत नाजूक पिकांपैकी एक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता 1 डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर उत्पादनावर परिणाम होत नाही. त्यापुढे वाहकता दर 1 ने वाढली की उत्पादन सुमारे 19 टक्क्यांनी घटते. म्हणजे वाहकता 3 असलेल्या वाफ्यात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पीक हातचे जाते. सिंचनाच्या पाण्याची वाहकता 0.7 पर्यंत असावी, ती 1.5 असेल तर सुमारे चौथा हिस्सा पीक कमी येते. पाणी चवीला मचूळ लागत असेल तर घेवड्याचा विचार करण्यापूर्वी ते अवश्य तपासून घ्यावे. चवळी याबाबत बरीच सोशिक आहे.

येथे एक खबरदारी घ्यावी. अनेक प्रयोगशाळा 1 भाग माती व 2.5 भाग पाणी असे मिश्रण करून वाहकता मोजतात. हा आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो. त्यामुळे अहवालातील आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे विचारून घ्यावे.

माती धुण्याचा सोपा काळ

वाफ्यावर पाणी साठवून क्षार धुताना जेवढ्या खोलीची माती धुवायची, साधारण तेवढ्याच उंचीचे पाणी तिच्यातून निचरून गेले तर सुमारे 80 टक्के क्षार निघून जातात. 30 सें.मी. खोलीसाठी दर चौरस मीटरला 300 लिटर पाणी लागते. 10 गुंठ्यांच्या हरितगृहाचा हिशोब केला तर सुमारे 3 लाख लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे 30 टँकर होतात. आपल्या अवर्षणप्रवण भागात हे परवडणारे नाही.

म्हणून प्लॅस्टिक बदलण्याच्या वर्षाचा उपयोग करून घ्यावा. 200 मायक्रॉन जाडीचा अतिनील किरणरोधक कागद साधारणपणे तीन ते चार वर्षे टिकतो. ज्या वर्षी तो बदलायचा असेल त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत वाफे ओले करून त्यांवर 25 मायक्रॉनचा पारदर्शक कागद चार ते सहा आठवडे घट्ट अंथरावा व कडा मातीने बुजवाव्यात. उन्हाच्या उष्णतेने बुरशी, सूत्रकृमी व तणांचे बी बऱ्याच प्रमाणात मरते. मे अखेर छताचा जुना कागद काढून टाकावा आणि पावसाला वाफे धुऊ द्यावेत. दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेल्यावर ताग पेरावा व फुलोऱ्याच्या सुरुवातीस गाडावा. पावसाळा सरता सरता नवा कागद चढवावा. वाफ्याखाली निचरा नसेल तर मात्र या सर्वांचा उपयोग होत नाही. त्यासाठी आधी चर काढून घ्यावेत.

गाठी कोणत्या, ते ओळखा

जुन्या हरितगृहातील दुसरा शत्रू म्हणजे मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी. घेवडा तिला सहज बळी पडतो. द्विदल पिकाच्या मुळांवर जिवाणूंच्या गाठी असतातच, म्हणून शेतकरी फसतो. ओळख सोपी आहे. जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटाने चोळताच सुटते आणि फोडल्यास आतून गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते. ती सुटत नाही. मागील पिकाची झाडे उपटताना मुळे अवश्य पाहावीत. सुजलेल्या गाठी दिसल्यास घेवडा न लावता आफ्रिकन झेंडूचे एक पीक घ्यावे व पुढील लागवडीपूर्वी निंबोळी पेंड मिसळावी.

हवामान व लागवडीची वेळ

घेवड्यास 15 ते 25 अंश सेल्सिअस तापमान मानवते. 30 अंशांच्या वर फुले गळू लागतात. रात्री 10 अंशांच्या खाली पारा गेला की वाढ खुंटते. नगर भागात डिसेंबर-जानेवारीत उघड्यावरील घेवडा यामुळेच रखडतो. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत टनेलमध्ये बी टोकावे. वेलवर्गीय वाणाची पहिली तोडणी साधारण 60 ते 65 दिवसांनी येते व पुढे महिना-दीड महिना माल मिळत राहतो. मार्चच्या मध्यानंतर आतील उष्णता वाढते, तेव्हा पीक लांबवण्याचा मोह टाळावा.

टनेलमुळे रात्रीची थंडी फार कमी होते, हा एक गैरसमज आहे. निरभ्र रात्री आतील तापमान बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशांनीच जास्त राहते. खरा फरक दुपारी पडतो. पडदे बंद राहिले तर आत बाहेरच्यापेक्षा 10 अंश किंवा त्याहून अधिक उष्णता साठते. प्रस्तुत लेखकाने पहिल्या वर्षी हीच चूक केली. थंडीच्या भीतीने पडदे दुपारपर्यंत बंद ठेवले. आठवड्यात पहिला फुलोरा वाफ्यावर गळून पडला. तेव्हा सकाळी नऊच्या सुमारास पडदे उघडावेत, दुपारी साडेचारच्या सुमारास बंद करावेत आणि कमाल-किमान तापमापक वेलाच्या उंचीवर टांगावा.

वाटाण्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला 10 ते 18 अंशांची थंडी आवडते. आपल्याकडे रब्बीत तो उघड्यावरच चांगला येतो. अर्केलसारखा बुटका वाण टनेलमध्ये लावणे म्हणजे उंच जागा वाया घालवणे होय. जुना देशी वाल दिवस लहान झाल्यावरच फुलतो, म्हणून त्यालाही टनेलचा विशेष लाभ नाही.

लागवड व आधार

90 सें.मी. रुंदीच्या गादीवाफ्यावर 45 सें.मी. अंतराने दोन ओळी घ्याव्यात. दोन वेलांत 25 ते 30 सें.मी. अंतर ठेवून प्रत्येक ठिकाणी दोन बिया 3 ते 4 सें.मी. खोल टोकाव्यात व नंतर एक रोप ठेवावे. केंटुकी वंडर हा वेलाचा परिचित वाण आहे. कंटेंडर व अर्का कोमल हे झुडुपी वाण असल्याने ते येथे उपयोगाचे नाहीत. बी घेताना पाकीट नीट वाचावे. 10 किलो बियाण्यास घेवड्याचेच 250 ग्रॅम रायझोबियम संवर्धन गुळाच्या थंड द्रावणातून चोळावे व बी सावलीत सुकवावे. हरभऱ्याचे पाकीट चालत नाही. घेवड्याच्या मुळांवर गाठी कमीच येतात, म्हणून त्याला थोडे नत्र द्यावे लागते. परंतु मागील पिकाचे नत्र मातीत शिल्लक असेल तर वेल नुसता माजतो व शेंगा कमी लागतात. माती परीक्षणानुसारच मात्रा ठरवावी.

घेवड्याचे खोड स्वतःच आधाराभोवती गुंडाळते, म्हणून प्रत्येक वेलाला एक उभी सुतळी पुरते. वरून पाहिल्यास तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. वळवताना दिशा चुकली तर तो पुन्हा सुटतो. वाटाणा तणाव्यांनी चढतो. त्याला बारीक दोऱ्याची जाळी लागते, जाड बांबू धरता येत नाही.

सुतळ्या टनेलच्या कमानींना बांधू नयेत. भरलेल्या वेलांचे ओझे आणि वळवाचे वारे एकदम आले तर कमानी वाकतात. स्वतंत्र खांब रोवून त्यावर तार ताणावी.

किडी, रोग व तोडणी

उबदार कोरड्या हवेत लाल कोळी व भुरी, तर पहाटे छतावरून थेंब टपकत असल्यास तांबेरा व करपा येतो. मोझॅक रोग बियाण्यातूनही येतो, म्हणून रोगट वेलांचे बी धरू नये. घेवड्यात स्वपरागीकरण होते, त्यामुळे मधमाश्यांवाचून शेंगा धरतात. खिडक्यांना 40 मेशची कीटकरोधक जाळी निर्धास्त लावावी.

शेंगा दर दोन-तीन दिवसांनी तोडाव्या लागतात. औषधाच्या वेष्टनावर त्याहून अधिक प्रतीक्षाकाळ लिहिलेला असेल तर तोडणी सुरू झाल्यावर ते औषध वापरू नये. आपला माल शेजारच्याच घरांतील मुलांच्या ताटात जाणार आहे, याचे भान असावे.

परवडते का?

फक्त घेवड्यासाठी कर्ज काढून नवे हरितगृह उभारू नये. ढोबळी मिरची किंवा फुलांच्या मानाने त्याचा दर कमी आणि तोडणीची मजुरी जास्त असते. सांगाडा आधीच उभा आहे, दोन मुख्य पिकांत चार महिने मोकळे आहेत आणि माती व पाणी गोडे आहे, अशा ठिकाणी मात्र तो फेरपालटाचे उत्तम पीक ठरतो. तेव्हा प्रथम माती व पाण्याचा नमुना राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठात किंवा जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा. अहवाल अनुकूल आला तरच बी विकत घ्यावे.