होडीच्या फळ्यांस रोगण

पुतण्यानें आपल्या शिडाच्या होडीविषयीं विचारलें, तेव्हां आम्हीं वरच्या सागवानी फळ्यांस बेधडक चकचकीत रोगण सुचविलें. पहिल्याच सरींत आमचे मेहुणे घसरून मनगट मोडून बसले! सागाच्या अंगीं मुळांतच तेल असतें. जेथें पाऊल व पाणी दोन्ही पडतात तेथें तो उघडाच बरा. जुन्या इंग्रजी युद्धनौकांवर खलाशी अशा फळ्या वालुकाश्मानें घाशीत, रोगण देत नसत. जवसाचें तेलही दमट हवेंत काळें पडतें. आंतल्या खोलींत मात्र रोगण टिकतें: पहिला हात पातळ, मग चारपांच, दर हातामागें कांचकागद. पायऱ्यांवर ओल्या हातावरच बारीक वाळू भुरभुरावी व वर आणखी एक हात द्यावा. पुतण्यानें वरचें सारें रोगण खरवडलें. मेहुणे अद्याप होडींत बसत नाहींत.