तुकड्यातला विषाणू

घरातल्या माणसाचे दुखणे गावच्या डॉक्टरला आवरेनासे झाले, की अथणी, चिकोडी, जत, सांगोला या टापूत पहिले नाव निघते ते मिरजेचे. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचे रुग्णालय उभारले आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आज कॅन्सरसाठी सिद्धिविनायक गणपती रुग्णालयही आहे. पोटाची तक्रार घेऊन इथे येणारा माणूस बहुधा स्वतःचे निदान सोबतच आणतो: पित्त. त्यावरच्या गोळ्या महिनोन्महिने खाऊन झालेल्या असतात. मग दुर्बीण घातली जाते, आणि जखम किंवा गाठ संशयास्पद वाटली तर तुकडा काढून तपासायला पाठवतात.

या तुकड्याने पूर्वी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे असे: कॅन्सर आहे की नाही. आता त्याला आणखी एक प्रश्न विचारता येतो: गाठीच्या पेशींत विषाणू आहे का? आणि असला, तर तो नुसता वस्तीला आला आहे की गाठ त्यानेच घडवली?

घाई आणि दिरंगाई

संसर्गातून कॅन्सर होतो, या कल्पनेने विज्ञानाला दोनदा चकवले आहे. अमेरिकेतील पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या गाठीचा अर्क गाळला. त्यात एकही पेशी उरली नव्हती, तरी तो टोचलेल्या कोंबड्यांना गाठी आल्या. यामागे विषाणू होता, पण जाणकारांनी ते फारसे मनावर घेतले नाही. राउस यांना नोबेल मिळाले ते १९६६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी. डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांच्याबाबतीत उलटे झाले. झुरळे खाणाऱ्या उंदरांच्या जठरात त्यांना एक कृमी आणि गाठी दिसल्या. जठराच्या कॅन्सरचे कारण सापडले, असे मानून त्यांना १९२६ चे नोबेल दिले गेले. त्या गाठी कॅन्सरच्या नव्हत्या आणि त्यांत ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा मोठा वाटा होता, हे पुढे उघड झाले. शेजारी सापडला म्हणून कृमी गुन्हेगार ठरला होता.

युगांडाहून आलेली गाठ

आपल्या गोष्टीतला विषाणू सापडला तो आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यात. युगांडात काम करणारे आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी तिथल्या मुलांना होणाऱ्या एका वेगळ्या गाठीचे वर्णन केले. १९६१ मध्ये लंडनमध्ये त्यांचे व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टाइन यांनी त्या गाठींचे नमुने मागवायला सुरुवात केली. एकदा धुक्यामुळे विमान मँचेस्टरला उतरवावे लागले. नमुना उशिरा पोहोचला, त्यातले पाणी गढूळ झाले होते. जंतू शिरून तो नासला असावा असे वाटले, पण गढूळपणा होता गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशींचा. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या, आणि १९६४ मध्ये एपस्टाइन, बर्ट अचॉन्ग आणि इव्हॉन बार यांनी त्यांतला विषाणू जाहीर केला: एपस्टाइन-बार विषाणू, थोडक्यात ईबीव्ही.

जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. लाळेतून पसरतो. लहानपणीच शिरला तर सहसा काही जाणवत नाही. नंतर पांढऱ्या पेशींत तो जन्मभर दडून राहतो. म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या अंगात तो आहेच, आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. म्हणूनच रक्तात या विषाणूची खूण दिसणे याला जठराच्या कॅन्सरच्या दृष्टीने फारसा अर्थ नसतो. पाहायचे ते गाठीच्या पेशीत.

पुरावा कुठे भक्कम, कुठे तोकडा

जठराच्या कॅन्सरमध्ये ईबीव्ही असल्याची पहिली नोंद १९९० मधली. पुढे विषाणूचा अंश रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणारी चाचणी आली, तेव्हा ज्या गाठींत तो होता, तिथे जवळजवळ प्रत्येक कॅन्सरपेशीत दिसला, आजूबाजूच्या निरोगी अस्तरात नाही. योगायोगाने शिरलेला पाहुणा असा प्रत्येक पेशीत बसत नाही.

दुसरा पुरावा त्याहून पक्का आहे. पेशीत शिरल्यावर या विषाणूच्या जनुकीय धाग्याची दोन टोके जुळून कडे बनते. सांध्याची लांबी प्रत्येक संसर्गात वेगळी असते, पण एका गाठीतल्या सगळ्या पेशींत ती एकसारखीच आढळली. तासगावच्या द्राक्षबागेतले सगळे वेल एकाच वेलीच्या काड्यांचे निघावेत, तसा हा प्रकार. म्हणजे आधी एका पेशीत विषाणू शिरला, आणि मग तिच्यापासून गाठ वाढली.

२००९ मध्ये जगभरच्या अभ्यासांची बेरीज मांडली गेली. जठराच्या कॅन्सरपैकी ८.७ टक्के गाठींत ईबीव्ही होता, पुरुषांत ११.१, स्त्रियांत ५.२ टक्के. अल्सरसारख्या कारणासाठी जठराचा भाग काढलेल्या माणसांच्या उरलेल्या जठरात झालेल्या गाठींत हे प्रमाण ३५.१ टक्के निघाले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर जनुकीय प्रकल्पाने २९५ गाठी तपासून जठराच्या कॅन्सरचे चार प्रकार पाडले, त्यांतला एक स्वतंत्र प्रकार ईबीव्हीचा. या गाठींत पेशीची कितीतरी जनुके रासायनिक खुणांनी बंद पडलेली असतात, आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला थोपवणारी प्रथिने वाढलेली असतात. म्हणूनच ही थोपवणूक मोडणारी औषधे इथे उपयोगी पडण्याची आशा आहे. २०१८ च्या एका कोरियन अभ्यासात ईबीव्ही असलेल्या सहाही रुग्णांना अशा औषधाचा गुण आला. सहा हा आकडा लहान आहे, हे विसरून चालणार नाही.

मग अजूनही ‘शक्य संबंध’ असेच का म्हणायचे? कारण विषाणू जवळपास सर्वांकडे आणि आजार मोजक्यांना. शिवाय विषाणू अडवला आणि कॅन्सर घटला, ही शेवटची कसोटी झालेली नाही, कारण ईबीव्हीची लस अजून वापरात नाही.

धाराशिवने दाखवलेला रस्ता

कारण पक्के कळल्याचा उपयोग काय होतो, हे मात्र महाराष्ट्राने पाहिले आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो, हे पक्के झाल्यावर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय त्यात होते. २००९ मध्ये निष्कर्ष आला: ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली तिथे या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्या सेवेवर सोडलेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्त होते. पण नेमके कारण हाती आले की गावातल्या बाईचा जीव वाचू शकतो, हे इथेच सिद्ध झाले.

जठरात तसा हाती लागलेला शत्रू विषाणू नाही, जिवाणू आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ मध्येच कॅन्सरकारक ठरवले. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत तो सापडतो आणि साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी बहुतेकदा जातो. भारतात हा जिवाणू घरोघर असूनही जठराचा कॅन्सर तुलनेने कमी, आणि मिझोराममध्ये मात्र देशात सर्वाधिक. तिथला धुरावलेला आहार आणि तंबाखूच्या धुराचे पाणी यांकडे अभ्यासक बोट दाखवतात. कारण एकटे क्वचितच काम करते.

म्हणून ईबीव्हीच्या बातमीने धास्तावून रक्त तपासत सुटण्यात अर्थ नाही. वजन घटणे, दोन घासांत पोट भरणे, काळी शौच, वारंवार उलटी, विनाकारण रक्त कमी होणे, यांवर पित्ताची गोळी घेत बसू नये. मिरजेला यायचेच आहे, तर लवकर यावे.

आणि मिरजेने काय करावे? बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून किती जणांना कोणता कॅन्सर झाला ते सांगते. गाठीत विषाणू होता का, हे त्या नोंदीतून कळत नाही. ते तुकड्यात असते. मेणात बसवलेला तुकडा वर्षानुवर्षे टिकतो आणि विषाणूची चाचणी जुन्या तुकड्यावरही होते. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाचे रुग्ण एकाच गावी येतात, अशी ठिकाणे थोडी. इथल्या जठराच्या गाठींत विषाणूचा वाटा किती, या प्रश्नाचे उत्तर बाहेरच्या सरासरीवरून काढण्यापेक्षा इथल्याच प्रयोगशाळांनी मोजून द्यावे. त्याला नवे रुग्णालय लागत नाही. जपलेले तुकडे, नीट नोंदी आणि थोडा निधी एवढे पुरे.