केसांचं मूळ ताटात

"आई, मोरी पुन्हा तुंबली!" गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर आमच्याकडे दर रविवारी ही आरोळी ऐकू यायची. रविवार हा लेकीच्या न्हाण्याचा दिवस. मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका, फणीत पुंजका, उशीवर केस. एकोणीस वर्षांची मुलगी. मनगटाएवढा शेपटा बघता बघता करंगळीएवढा झाला आणि घरात उपायांची रांग लागली. सासूबाईंनी माका आणि जास्वंद घालून तेल कढवलं. शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस सुचवला; तो लावल्यावर दोन दिवस घरभर कांदाभज्यांचा वास! मग तीन तऱ्हेचे शाम्पू आणि मोबाइलवर जाहिरात पाहून मागवलेल्या बायोटिनच्या गोळ्या. खर्चाचा हिशेब यजमानांनी केला, मी ऐकला नाही.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी केस पाहिले, हलके ओढून पाहिले, आणि प्रश्न विचारले ते मात्र भलतेच. सकाळी काय खाऊन निघतेस? डबा संपतो का? पाळीच्या वेळी रक्तस्राव किती होतो? मध्यंतरी ताप आला होता का? उत्तरं माझ्यासमोरच निघाली. सकाळी चहा-बिस्किटं, डबा अर्धा मैत्रिणींना, रात्री 'डाएट' म्हणून नुसतं सूप. आणि तीन महिन्यांपूर्वी डेंगी. बाईंनी रक्त तपासायला सांगितलं, बायोटिन बंद करायला लावलं (त्या गोळ्या चालू असल्या तर थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात, हे मला तेव्हा कळलं) आणि मग अचानक माझ्याकडे वळून माझ्याच डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "तुम्हीही तपासून घ्या."

लेकीचं हिमोग्लोबिन निघालं ९.४. माझं ८.८. बाईमाणसाचं निदान १२ तरी असावं लागतं.

खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. रोज दोन वेळा चारीठाव स्वयंपाक करणाऱ्या घरात रक्त कमी? पण रात्री ओटा आवरताना आठवत गेलं. उसळ सगळ्यांना वाढून झाली की तळाला रस्सा उरतो, तो माझा. कालची पोळी माझी. अंडी दोन असतील तर ती मुलाला आणि यजमानांना. कुणी माझ्यावर सक्ती केली नव्हती. आमच्या आईचंही असंच होतं आणि मी ते न विचारता उचललं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रातही ५४ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त घरांत हीच कथा असणार, आणि त्यातल्या कितीजणी तेल बदलून पाहत असतील!

केसाचं गणित तसं सोपं आहे. डोक्यावर लाखभर केस, त्यातले रोज पन्नास ते शंभर गळणं स्वाभाविक. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. महिन्याला तो जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. तंगीच्या महिन्यात आपण किराणा चालू ठेवतो आणि साडीखरेदी पुढे ढकलतो ना, तसंच शरीर करतं. हृदयाला, मेंदूला आधी. केसाला, नखाला, कातडीला उरलंसुरलं. मोठा ताप, बाळंतपण किंवा उपासमारीसारखं डाएट झालं की केसांची मुळं मोठ्या संख्येनं विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी ते केस गळू लागतात. तोवर आपण ताप विसरलेले असतो, म्हणून दोष जातो नव्या शाम्पूला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं, बाईला २९. आणि घरोघरी ताट मात्र नेमकं उलटं! प्रथिनाचं म्हणाल तर पन्नास किलो वजनाच्या मुलीला दिवसाला चाळीसेक ग्रॅम हवं. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. आपल्या पातळ वरणाच्या वाटीत त्याहूनही कमी. म्हणून वरण घट्ट हवं, उसळ वाटीभर हवी, वर दही किंवा ताक हवं.

बीट खाल्लं की रक्त वाढतं, हा आपला लाडका समज. बीट लाल आहे एवढंच. लोह त्यात फारसं नाही. गुळाचंही तेच, आपण खातो तेवढ्या खड्यात असं किती असणार? त्यापेक्षा बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हरभरे, राजगिरा, तीळ, अळिवाचे लाडू ही आपल्याच फडताळातली माणसं भरवशाची. कडधान्य भिजवून मोड आणले की त्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं. वर लिंबू पिळलं, बाजूला पेरूची फोड किंवा आवळ्याचं ताजं लोणचं असलं तर आणखी चांगलं. सामिष खाणाऱ्यांचं काम हलकं. कलेजी आणि मटणातलं लोह शरीर सहज घेतं. लोखंडी कढईत आंबट भाजी केली तर थोडं लोह तिच्यातूनही उतरतं. ती कढई आम्ही माळ्यावर टाकून गुळगुळीत तवे आणले होते, ती परत खाली आली. आणि जेवल्याबरोबर चहा? तो लोहाचा वैरीच. तासभर तरी थांबायला हवं.

कातडीला स्निग्ध पदार्थ लागतात, हेही 'डाएट'वाल्या मुली विसरतात. जवसाची, कारळ्याची चटणी, मूठभर शेंगदाणे यांत ते मिळतात. मुरुमं मात्र तळणापेक्षा साखरेनं, मैद्यानं वाढतात असं आता दिसतं. म्हणजे बटाटेवड्यावर आळ घेऊन आपण थंड पेयांना मोकळं सोडलं होतं.

एवढं कमी झालेलं रक्त नुसत्या जेवणानं भरून येत नाही. डॉक्टरांनी दोघींनाही लोहाच्या गोळ्या दिल्या, काही महिने. त्यानं शौच काळं होतं, घाबरायचं नाही, हेही सांगितलं. चट्टे पडून केस जात असतील तर ते दुखणं वेगळं, त्याला वेगळे उपचार.

सहा महिने झाले. लेकीच्या कपाळाशी बारीक बारीक केस उभे राहिलेत, तेलानंही बसत नाहीत, म्हणून ती वैतागते. माझं हिमोग्लोबिन ११.६ वर आलं. यजमानांचा जेवणानंतरचा चहा चार वाजता गेला आहे, त्याची कुरकुर अजून चालू आहे. आणि उसळ मी आता पाच वाट्यांत आधीच वाढून ठेवते, पाचवी माझी. परवा मुलानं दुसऱ्यांदा मागितली. "संपली," म्हटलं.