छपराच्या कडेला लटकणारे बर्फाचे सुळके धोक्याची खूण का? समजून घ्या ‘आइस डॅम’

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या नातेवाइकांच्या फोटोंत घराच्या छपराला बर्फाचे लांब सुळके लटकलेले दिसतात. फोटो छान येतो, पण घरासाठी तो इशारा असू शकतो.

नेमकं काय होतं?
हीटरची ऊब फटींमधून माळ्यावर जाते. छप्पर 0 अंशांच्या वर तापलं की बर्फ खालून वितळतो. पाणी घरंगळत कडेला येतं. तिथे खाली उबदार खोली नसते, त्यामुळे ते पुन्हा गोठून बांध तयार होतो. मागे तुंबलेलं पाणी शिंगल्सखाली शिरतं, भिंती ओल्या होतात, बुरशी धरते.

काय कराल?
• माळ्याच्या फटी बुजवा, इन्सुलेशन वाढवा, माळ्यावर हवा खेळती ठेवा.
• थंडीआधी पन्हळीतला पालापाचोळा काढा.
• साइडिंग आणि खिडक्यांभोवतीच्या भेगा सील करा. विनाइल साइडिंग थंडीत ठिसूळ होतं, त्यावर फावडं आपटू देऊ नका.
• ताजा बर्फ जमिनीवर उभं राहूनच लांब दांड्याच्या रेकने ओढा. बांध कुऱ्हाडीने फोडू नका, शिंगल्स तुटतात.

सोपी खूण: ऊन सारखंच, शेजाऱ्यांच्या छपरावर बर्फ, तुमचं मात्र मोकळं? मग हीटिंगचे पैसे छपरातून बाहेर जातायत.