आधी शिजवा, मग परता : अदोबो घरच्या चुलीवर

आपल्याकडे मटणाचा रस्सा करायचा म्हटला की आधी तेल तापतं. कांदा पडतो, आलं-लसूण पडतं, मसाला तेल सुटेपर्यंत परतला जातो. मग मटण आणि सगळ्यात शेवटी पाणी. मोहगाव, सौंसर, पांढुर्ण्यापासून थेट नागपूरपर्यंत बहुतेक घरांत हाच क्रम. फिलिपिन्सच्या घराघरांत शिजणारा अदोबो हा क्रम उलटा करतो. त्यात मांस आधी आंबट पाण्यात शिजतं, मग रस्सा आटतो आणि परतायचं काम अगदी शेवटी, तेही बहुतेक मांसातून सुटलेल्या चरबीतच. कांदा नाही, तिखट नाही, वाटण नाही. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, अख्खे मिरे आणि तेजपान एवढ्यावर सगळा पदार्थ उभा राहतो.

सामान इतकं थोडं असल्यामुळे इथे चव मसाल्यातून येत नाही, क्रमातून येते. कोणती गोष्ट केव्हा घालायची आणि त्या वेळी भांड्यात काय चाललेलं असतं, हे समजलं की आपल्या स्वयंपाकघरातही अदोबो उत्तम होतो. म्हणून कृती सांगताना प्रत्येक पायरीचं कारणही सांगतो.

व्हिनेगर कशासाठी?

फिलिपिन्स हा उष्ण आणि दमट बेटांचा देश. तिथे कापलेलं मांस दिवसभरही टिकत नाही. स्पॅनिश लोकांनी 1565मध्ये सेबू बेटावर वसाहत केली आणि 1571मध्ये मनिला घेतलं. त्याआधीपासूनच तिथले लोक मांस व्हिनेगर आणि मिठात शिजवून टिकवत होते. पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या धर्मोपदेशकाने 1613मध्ये छापलेल्या तागालोग शब्दकोशात या पदार्थाची नोंद ‘इथल्या लोकांचा अदोबो’ अशी केली. म्हणजे नाव स्पेनचं, पण रीत फिलिपिन्सचीच. सोया सॉस पुढे चिनी व्यापाऱ्यांमुळे आला. आजही काही घरांत सोया सॉस न घालता नुसत्या मिठाचा पांढरा अदोबो करतात.

व्हिनेगरमध्ये मांस टिकण्यामागचं कारण आपल्याला लोणच्यामुळे ठाऊक आहे: आंबटात बहुतेक जंतू वाढत नाहीत. आम्लता मोजायच्या पट्टीवर पीएच 4.6च्या खाली गेला की अन्नात विष तयार करणारा बोट्युलिझमचा जंतूही वाढू शकत नाही. साध्या व्हिनेगरमध्ये साधारण 4 ते 5 टक्के ॲसिटिक आम्ल असतं. मांस त्यात शिजलं की दोन कामं होतात. पृष्ठभागावरचे जंतू उष्णता आणि आम्ल या दोन्हींच्या माऱ्यात सापडतात आणि मांसातले चिवट धागे लवकर सैल होतात. या धाग्यांतलं कोलॅजेन मंद आचेवर हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं. रस्सा बोटाला चिकटतो आणि थंड झाल्यावर थिजतो, तो त्यामुळेच.

वसईचा इंदयाल, गोव्याचा विंदालू

आंबटातलं डुकराचं मांस मराठी मुलखाला नवं नाही. वसई, उत्तन आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती मराठीच्याच एका बोलीत बोलतात. त्यांच्या लग्नात आणि नाताळात इंदयाल लागतोच. मिरच्या, जिरं, हळद, लसूण, आलं असा मसाला व्हिनेगरमध्ये वाटायचा, तो डुकराच्या मांसाला चोळून ठेवायचा आणि मंद आचेवर शिजवायचा. सोबत आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे. पोर्तुगीजांनी 1510मध्ये गोवा आणि 1534मध्ये तहाने वसई घेतली. त्यांच्या घरची रीत म्हणजे मांस वाइन किंवा व्हिनेगर आणि लसणात मुरवणं. तीच इथल्या मिरच्या-मसाल्यात मिसळून गोव्यात विंदालू झाली आणि वसईकडे इंदयाल. चिमाजी अप्पांनी 1739मध्ये वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, इंदयाल राहिला.

गोव्याचं जुनं व्हिनेगर माडाच्या सुरेपासून होतं. फिलिपिन्समध्येही माडाच्या सुरेचं व्हिनेगर घरोघरी वापरतात. समुद्राच्या दोन टोकांना तोच माड आणि तीच सूर आंबवायची पद्धत! फरक आहे तो मसाल्याचा. इंदयालात मिरची बोलते, अदोबोत लसूण आणि मिरे.

सामान आणि बाजारहाट

पाच-सहा माणसांसाठी हे प्रमाण घ्यावं:

- डुकराचं मांस, खांद्याचं किंवा पोटाचं, चरबीसह : अर्धा किलो
- चिकन, हाडासह, तंगडी आणि मांडीचे तुकडे : अर्धा किलो
- व्हिनेगर : 120 मि.ली.
- सोया सॉस : 80 मि.ली.
- पाणी : 250 मि.ली.
- लसूण : एक मोठा गड्डा, पाकळ्या ठेचून
- अख्खे काळे मिरे : एक चहाचा चमचा
- तेजपान : दोन
- गूळ : अर्धा चमचा, हवा असल्यास
- मीठ : शेवटी, चव पाहूनच

व्हिनेगरची बाटली घेताना लेबल वाचावं. चायनीजच्या गाड्यांवर असतं ते पांढरं व्हिनेगर बहुधा ॲसिटिक आम्लात पाणी मिसळून केलेलं असतं आणि लेबलवर ‘सिंथेटिक’ असं लिहिलेलं असतं. त्याने अदोबो होतो, पण चव एकसुरी आणि टोचरी लागते. मध्य प्रदेशात उसाचा सिरका मिळतो, तो यासाठी फार चांगला. फिलिपिन्सच्या उत्तरेला इलोकोस प्रांतात अदोबोसाठी वापरतात ते व्हिनेगरही उसाच्या रसाचंच असतं. मात्र सिरका मसाला न घातलेला हवा. लोणच्याच्या सिरक्यात मोहरी-मिरची असते, ती इथे चालत नाही.

सोया सॉसमध्ये ‘डार्क’ आणि ‘लाइट’ असे दोन प्रकार मिळतात. डार्क सॉस घट्ट आणि काळा असतो. सगळा तोच घातला तर रस्सा डांबरासारखा दिसतो. लाइट घ्यावा, नाहीतर निम्मा डार्क घेऊन उरलेली जागा पाण्याने भरावी. आपलं तेजपान आणि फिलिपिन्समध्ये वापरतात ते लॉरेलचं पान ही दोन वेगळ्या झाडांची पानं आहेत. आपल्या पानाला दालचिनीकडे झुकणारा वास असतो, म्हणून दोनच पुरेत.

डुकराचं मांस गावात मिळतंच असं नाही आणि मिळालं तरी कुठलं आहे हे विचारून घ्यावं. परवाना असलेल्या दुकानातलं, तपासणीचा शिक्का असलेलं मांस घेणं उत्तम. नागपूरसारख्या शहरात गोठवलेलं पोर्क मिळतं. ते बर्फाच्या डब्यातून आणावं. उघड्यावर फिरणाऱ्या डुकरांच्या मांसात पट्टकृमीच्या गाठी असू शकतात. त्यामुळे मांस आतपर्यंत पूर्ण शिजलंच पाहिजे, गुलाबी राहता कामा नये. घरात पोर्क चालत नसेल तर सगळा अदोबो चिकनचा करावा; फिलिपिन्समध्येही तो रोजचाच आहे.

भांडं हा शेवटचा, पण महत्त्वाचा मुद्दा. आंबट रस्सा तासभर उकळणार आहे. ॲल्युमिनियमचं पातेलं आणि कलई गेलेलं पितळ किंवा तांब्याचं भांडं यासाठी वापरू नये. आम्ल धातू खातं आणि तो रश्शात उतरतो. जाड बुडाचा स्टीलचा गंज किंवा मातीचं भांडं घ्यावं.

कृती, कारणांसह

मुरवणं. पोर्कचे दीड इंचाचे चौकोनी तुकडे करावेत. पोर्क आणि चिकन वेगवेगळ्या भांड्यांत घेऊन सोया सॉस, ठेचलेला लसूण आणि मिरे दोन्हींत वाटून घालावेत. अर्धा-पाऊण तास पुरे. व्हिनेगर आत्ता घालू नये. चिकन फार वेळ आंबटात राहिलं तर त्याचा वरचा थर भुसभुशीत होतो.

पोर्क आधी. पोर्क, त्याचं मुरवण, पाणी आणि तेजपान गंजात घालून उकळी आणावी. वर येणारा करडा फेस झाऱ्याने काढून टाकावा. दोन्ही मांसं एकदम टाकायचा मोह टाळावा. पोर्क मऊ व्हायला तास-सव्वा तास लागतो, ब्रॉयलर चिकनला अर्धा-पाऊण तास. एकत्र घातली तर चिकनचे धागे होतात आणि पोर्क चिवट राहतं. गावरान कोंबडी असेल तर गणित बदलतं: तिला पोर्कइतकाच वेळ लागतो, म्हणून ती पोर्कबरोबरच घालावी.

व्हिनेगर घातल्यावर ढवळू नये. रस्सा उकळत असताना व्हिनेगर कडेने ओतावं. झाकण ठेवू नये, डाव घालू नये. पाच-सात मिनिटं तसंच उकळू द्यावं. फिलिपिन्सच्या आजीबाई हा नियम कडक पाळतात. उघड्या भांड्यातून नाकात जाणारी कच्ची वाफ निघून जाते. आंबटपणा मात्र जात नाही, कारण ॲसिटिक आम्ल 118 अंशांना उकळतं आणि पाणी 100 अंशांना. रस्सा आटेल तसं पाणी जास्त उडतं आणि आंबटपणा दाट होत जातो. म्हणून सुरुवातीला चव फिकी वाटली तरी व्हिनेगर वाढवू नये.

मंद आच. आता झाकण ठेवून आच बारीक करावी. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा, इतकीच. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी पोर्कमध्ये सुरी टोचून पाहावी. ती जराशा विरोधाने आत गेली की चिकन आणि त्याचं मुरवण घालावं आणि आणखी अर्धा तास शिजवावं. चिकनच्या हाडाजवळचं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे.

आटवणं. मांस बाहेर काढून निथळत ठेवावं. रश्शावर चरबीचा पिवळसर थर आलेला असतो. तो चमच्याने काढून वेगळा ठेवावा. उरलेला रस्सा मोठ्या आचेवर उघडाच निम्मा करावा.

शेवटी परतणं. काढून ठेवलेली चरबी कढईत तापवून त्यात निथळलेले तुकडे घालावेत. चरबी कमी वाटली तर चमचाभर तेल. भांड्यात पाणी असेपर्यंत तापमान 100 अंशांच्या आसपासच राहतं आणि तेवढ्यावर मांस खरपूस होत नाही. म्हणून आधी ओल जायला हवी. कानाने हे नीट कळतं. सुरुवातीला कढईतून ओला, फसफसणारा आवाज येतो. दोन-तीन मिनिटांनी तो बारीक होत जातो आणि मग कोरडी तडतड सुरू होते. त्या क्षणी आंबट वास मागे पडून भाजल्या लसणाचा आणि सोयाचा वास वर येतो. तुकड्यांच्या कडा तपकिरी होतात, पोर्कच्या चरबीवर चमक येते. इथे आच कमी ठेवावी, कारण सोया सॉसमुळे तुकडे लवकर करपतात. तुकड्यांना चिकटलेला लसूण लालसर झाला की थांबावं.

आता आटवलेला रस्सा ओतून दोन मिनिटं एकजीव करावा आणि मगच चव पाहावी. सोया सॉसमध्ये भरपूर मीठ असतं, त्यामुळे वरून घालायची वेळ क्वचितच येते. फार आंबट वाटलं तर गूळ, फार खारट वाटलं तर थोडं गरम पाणी. सोबत साधा वाफाळता भात. रस्सा थोडाच असतो आणि तो भातावर चमच्याने घ्यायचा असतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचा असेल तर रस्सा जरा पातळ ठेवावा.

टिकवणं आणि बदल

अदोबो दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. आंबट, खारट आणि चरबी रात्रभरात मांसात मुरतात. पण व्हिनेगरच्या भरवशावर तो ओट्यावर ठेवू नये. पूर्वी तो फ्रिजशिवाय टिकवत तेव्हा व्हिनेगर आणि मीठ बरंच जास्त असे. या प्रमाणातला अदोबो थंड झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावा, तीन-चार दिवसांत संपवावा आणि दरवेळी नीट उकळून घ्यावा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर यात हयगय नको.

एकच खरा अदोबो असतो असं मात्र कुणी समजू नये. फिलिपिन्सच्या व्यापार खात्याने 2021मध्ये अदोबोची प्रमाण कृती ठरवायचं जाहीर केलं, तेव्हा लोकांनी जोरदार हरकत घेतली. ही कृती घराघरांवर बंधनकारक नाही, परदेशात पदार्थाची ओळख करून देण्यासाठी आहे, असा खुलासा खात्याला करावा लागला. तिथे कुणी नारळाचं दूध घालतं, कुणी सोया सॉसऐवजी हळद घालून पिवळा अदोबो करतं. हळदीचा प्रकार आपल्या जिभेला सगळ्यात जवळचा. त्यात सोया सॉसच्या जागी दीड चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद घ्यावी. बाकी क्रम तोच.

पहिल्या वेळी वरचं प्रमाण जसंच्या तसं घ्या आणि तिखट-गरम मसाल्याकडे जाणारा हात आवरा. दुसऱ्या वेळी फक्त व्हिनेगर बदला: सिंथेटिकऐवजी उसाचा सिरका, किंवा गोव्याहून येणाऱ्या कुणाकडून मागवलेलं माडाचं. बाकी सगळं तेच ठेवलं की या पदार्थात व्हिनेगरचा वाटा किती मोठा आहे, हे पहिल्या घासालाच कळेल. त्यानंतर प्रमाण तुमच्या घरच्या चवीप्रमाणे बसवा.